इसार देण्यापूर्वी : अमेरिकेतील कॉलेजांचे आगाऊ व नेहमीच्या मुदतीचे अर्ज



आपल्या संघाच्या स्मरणिकेत धान्याची आवक, वस्तू व सेवा कर, गोदामांचा विमा अशा विषयांवर चार शब्द लिहिण्याचा माझा परिपाठ आहे. या वर्षी संपादक मंडळाने निराळीच आज्ञा केली. आपल्या समाजातील मुले पूर्वी येथील पदवी घेऊन मग परदेशी जात. आता बारावीनंतरच थेट अमेरिकेतील कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास आईवडील हटकून एकच प्रश्न घेऊन येतात : 'अर्ज आगाऊ करावा की नेहमीच्या मुदतीत?' मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला मनुष्य; शिक्षणशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु आमच्या कुटुंबातील दोन मुलांच्या निमित्ताने हा विषय मला मुळापासून समजून घ्यावा लागला, आणि समजल्यावर ध्यानी आले की हा प्रश्न विद्येइतकाच सौद्याचाही आहे. सौद्यापुरते बोलण्याचा अधिकार चाळीस वर्षे अडत दुकानाच्या गादीवर बसलेल्या माणसास असावा, अशा समजुतीने हा लेख सादर करीत आहे.

अर्जाचे प्रकार

अमेरिकेत विद्यापीठप्रवेशासाठी आपल्याकडील जेईईसारखी एकच सामाईक परीक्षा आणि एकच गुणवत्ता यादी नसते. प्रत्येक कॉलेज आपापल्या रीतीने विद्यार्थी निवडते. शाळेतील गुण, एसएटीसारखी परीक्षा, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि मुलाने स्वतः लिहिलेले निबंध या सर्वांचा एकत्र विचार होतो. अर्जाचा नमुना बहुतेक ठिकाणी एकच चालतो. 'कॉमन ॲप्लिकेशन' नावाची ही व्यवस्था १९७५ साली पंधरा कॉलेजांनी मिळून सुरू केली. अर्ज केव्हा आणि कोणत्या अटीवर करावयाचा, यावरून त्याचे मुख्यतः चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार 'अर्ली डिसिजन', म्हणजे आगाऊ व बांधील अर्ज. तो १ किंवा १५ नोव्हेंबरच्या सुमारास भरावयाचा व त्याचा निकाल डिसेंबरच्या मध्यास लागतो. असा अर्ज एकाच कॉलेजकडे करता येतो. प्रवेश मिळाल्यास तेथेच जाईन व इतरत्र केलेले सर्व अर्ज मागे घेईन, अशा करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या होतात. ब्राऊन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, पेनसिल्व्हेनिया, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न इत्यादी विद्यापीठांत ही पद्धत आहे. काही कॉलेजे अशाच बांधील अर्जाची दुसरी फेरीही ठेवतात. तिची मुदत जानेवारीच्या आरंभी असते व निकाल फेब्रुवारीच्या मध्यास कळतो.

दुसरा प्रकार 'अर्ली ॲक्शन', म्हणजे आगाऊ पण मोकळा अर्ज. मुदत साधारणतः नोव्हेंबरचीच, निकालही लवकर; मात्र प्रवेश मिळाला तरी विद्यार्थी बांधला जात नाही. त्याला १ मेपर्यंत विचार करण्यास अवधी असतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, पर्ड्यू, इलिनॉय ही या पद्धतीची उदाहरणे होत.

तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व स्टॅनफर्ड येथे आगाऊ अर्ज बांधील नसतो, परंतु तो करणाऱ्याने दुसऱ्या खाजगी कॉलेजाकडे आगाऊ अर्ज करू नये असा सर्वसाधारण नियम आहे. सरकारी विद्यापीठे व अमेरिकेबाहेरील विद्यापीठे यांना त्यातून सूट असते.

चौथा प्रकार नेहमीच्या मुदतीचा. तो अर्ज जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जातो, निकाल मार्चअखेर कळतो आणि विद्यार्थ्याने १ मेपर्यंत उत्तर द्यावयाचे असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्व शाखांचा मार्ग मात्र वेगळा आहे. तेथे आगाऊ प्रकार मुळीच नाही. नोव्हेंबरअखेरच्या एकाच मुदतीत सर्वांचे अर्ज जातात.

आपल्या भाषेत सांगावयाचे तर बांधील अर्ज म्हणजे इसार देऊन केलेला पक्का सौदा, मोकळा आगाऊ अर्ज म्हणजे भाव विचारून ठेवणे, आणि नेहमीच्या मुदतीचा अर्ज म्हणजे पाचसहा पेढ्यांचे भाव हाती आल्यावर माल उचलणे. एवढे ध्यानी राहिले तरी निम्मे काम झाले.

कॉलेज इसार का मागते?

समोरची पेढी घाई का करीत आहे, हे व्यापाऱ्याने आधी ओळखावे. कॉलेजाजवळ जागा मोजक्या असतात. प्रवेश दिलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष येतील याची खात्री नसते. बांधील अर्जदार मात्र हमखास येणारा. म्हणून कॉलेज आपल्या निम्म्या जागा अशा खात्रीच्या मुलांनी आधीच भरून घेते.

ब्राऊन विद्यापीठाचे २०२४ साली दाखल झालेल्या तुकडीचे आकडे पाहावेत. बांधील अर्ज आले ६,२४४ आणि त्यांतून प्रवेश मिळाला ८९८ जणांना, म्हणजे शेकडा चौदांहून थोडे अधिक. एकूण अर्ज होते ४८,८८१ व एकूण प्रवेश २,५२१. वजाबाकी केली असता नेहमीच्या मुदतीच्या ४२,६३७ अर्जदारांच्या वाट्यास १,६२३ प्रवेश आले, म्हणजे शेकडा चारांहूनही कमी. तुकडी सतराशेच्या आसपासची असल्याने तिची निम्मी भरती डिसेंबरातच उरकली होती.

हे आकडे पाहून पालक म्हणतात, 'बांधील अर्ज केला की संधी तिप्पट!' सल्ला देणारेही तेच सांगतात. परंतु हा हिशेब कच्चा आहे. आगाऊ अर्जदारांत खेळाडू म्हणून आधीच हेरून ठेवलेली मुले असतात, माजी विद्यार्थ्यांची मुले असतात, आणि ज्यांचा अभ्यास ऑक्टोबरातच परिपूर्ण आहे अशीही बरीच असतात. दोन्ही ढिगांतील माल एकाच प्रतीचा नसताना नुसत्या टक्केवारीची तुलना करून काय उपयोग? तथापि लाभ अजिबात नाही असेही नव्हे. क्रिस्टोफर एव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स व रिचर्ड झेकहाउझर यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या 'द अर्ली ॲडमिशन्स गेम' या ग्रंथात सारख्याच योग्यतेच्या मुलांची तुलना केली. आगाऊ अर्जाचा फायदा एसएटी परीक्षेतील सुमारे शंभर गुणांच्या तोलाचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. सोळाशे गुणांच्या परीक्षेत शंभर गुण म्हणजे लहान गोष्ट नव्हे. तेव्हा लाभ खरा आहे; तो तिप्पट नाही, एवढेच.

या पद्धतीवर तिकडेही पुष्कळ टीका झाली. ऐपतदार आणि माहीतगार कुटुंबांनाच तिचा फायदा मिळतो, या कारणास्तव हार्वर्ड, प्रिन्स्टन व व्हर्जिनिया विद्यापीठ यांनी २००६ साली आगाऊ अर्ज बंद करण्याचे जाहीर केले. परंतु इतर कॉलेजांनी त्यांचे अनुकरण केले नाही. व्हर्जिनियाने काही वर्षांतच आपला निर्णय फिरविला आणि २०११ साली हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनीही आगाऊ अर्ज पुन्हा सुरू केले; ते बांधील मात्र ठेवले नाहीत. पुढे २०१९ साली आणखी एक बदल झाला. बांधील अर्जदारांना वसतिगृहातील पसंतीची खोली, खास शिष्यवृत्ती अशी प्रलोभने दाखवू नयेत, हा नियम प्रवेश-समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेने अमेरिकन न्यायखात्याच्या चौकशीनंतर आपल्या संहितेतून काढून टाकला. म्हणून अशी एखादी सवलत पुढे आल्यास तिला भुलण्यापूर्वी करार दोनदा वाचावा.

भावाचा प्रश्न

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अमेरिकेतील नामांकित खाजगी विद्यापीठात राहण्याजेवण्यासह एका वर्षाचा खर्च आज नव्वद हजार डॉलरच्या घरात आहे. रुपयांत तो पाऊण कोटीच्याही वर जातो आणि चार वर्षांचे तीन कोटी ओलांडतात. हा झाला छापील भाव. अर्थसाहाय्य मिळाल्यास प्रत्यक्ष भाव पुष्कळ उतरतो. परंतु किती उतरेल हे प्रवेशाच्या पत्राबरोबरच कळते, आणि बांधील अर्जदाराजवळ तेव्हा तुलनेसाठी दुसरे पत्र नसते.

परदेशी विद्यार्थ्यास आणखी एक अडचण असते. बहुतेक कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्यांच्या साहाय्याचा निधी मर्यादित असतो, आणि साहाय्य मागितले तर ती गोष्ट प्रवेशाच्या निर्णयात विचारात घेतली जाते. मागणीचा विचार न करता परदेशी मुलांनाही निव्वळ गुणांवर घेणारी कॉलेजे थोडी : हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, ॲमहर्स्ट, तसेच २०२५ साली दाखल झालेल्या तुकडीपासून ब्राऊन, अशी काही. यांतील पहिल्या चौघांत बांधील अर्ज नाहीच, हे आवर्जून लक्षात ठेवण्याजोगे आहे. जेथे औदार्य सर्वांत मोठे, तेथे इसार मागत नाहीत. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठासारख्या सरकारी संस्था परदेशी मुलांना गरजेनुसार साहाय्य देत नाहीत. तेथे छापील भाव हाच खरा भाव समजावा.

बांधील करारातून सुटण्याचा प्रामाणिक मार्ग एकच आहे. ज्याने साहाय्य मागितले आणि मिळालेल्या साहाय्यात शिक्षण परवडत नाही, त्यास प्रवेश नाकारून मोकळे होता येते. परंतु ज्याने साहाय्य मागितलेलेच नाही, त्याला हे दार बंद आहे. शिवाय पहिल्या वर्षी साहाय्य न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यास पुढील वर्षांतही ते मागता येत नाही, असा नियम पुष्कळ कॉलेजांत असतो.

या एका ओळीच्या नियमाने आमच्या घरात काय झाले, ते सांगतो. माझ्या चुलत भावाचा नातू अर्थशास्त्र शिकू इच्छीत होता. मुलगा हुशार व मनाने सरळ. घरच्यांनी एका सल्लागाराची मदत घेतली. त्याने सांगितले, 'साहाय्य मागू नका, बांधील अर्ज करा, काम होऊन जाईल.' काम झाले. डिसेंबरात पत्र आले, पेढे वाटले गेले, मंदिरात पूजा झाली. जानेवारीत अनामत भरताना चार वर्षांचा हिशेब प्रथमच कागदावर मांडला गेला आणि घरात शांतता पसरली. साहाय्य मागितलेले नव्हते. सुटकेचे दार बंद. माझा पुतण्या म्हणाला, 'काका, कोर्टकचेरी करून कोणी बेळगावपर्यंत येणार नाही. नाही म्हणून कळवू या.' खरेच होते. अशा करारासाठी कोणी दावा लावीत नाही. परंतु भावाने मान हलविली. बाजारात तोंडी सौदा पाळणाऱ्या पेढीने सही केलेला मोडावा काय, हा त्याचा प्रश्न होता. यार्डाशेजारी गोदामासाठी राखलेला भूखंड विकला गेला. धाकट्या मुलीच्या शिक्षणाकरिता ठेवलेली रक्कमही त्यात गेली. मुलगा तिकडे उत्तम शिकत आहे. पण एका रात्री त्याने मला फोनवर विचारले, 'अज्जा, मी त्या दिवशी सही केली नसती तर?' मला उत्तर देता आले नाही. शाळूच्या एका गाडीसाठी चार पोत्यांतून मूठ मूठ नमुना काढून पाहणारी आम्ही माणसे. तीन कोटींच्या कागदावर एका संध्याकाळी सह्या करून मोकळे झालो होतो.

शब्दाची किंमत

पुतण्याच्या बोलण्यावर येथे दोन शब्द लिहिणे अवश्य वाटते. दोन ठिकाणी बांधील अर्ज करून पाहावे, किंवा एकीकडे स्वीकार झाल्यावरही इतर अर्ज चालू ठेवावेत, असे सुचविणारे लोक भेटतात. त्यात पकडले जाण्याचा धोका आहेच. पण खरी हानी निराळी आहे. करारावर शाळेच्या प्रतिनिधीचीही सही असते. एका मुलाने शब्द मोडला तर त्याच शाळेतून पुढील वर्षी अर्ज करणाऱ्या मुलांच्या कागदांकडे कॉलेज संशयाने पाहू लागते. एकाने बुडविलेली पत पुढच्या दहा जणांना फेडावी लागते, हा बाजाराचा नियम तेथेही लागू आहे. सत्य आणि अचौर्य ही आपली अणुव्रते आहेत. दुसऱ्या मुलास मिळाली असती अशी जागा अडवून ठेवणे त्यांत बसत नाही. जो शब्द पाळावयाचा नाही तो देऊ नये, एवढेच यावरून घ्यावयाचे.

कोणी कोणता मार्ग घ्यावा?

माझ्या अल्पमतीप्रमाणे बांधील अर्ज तीन गोष्टी जुळल्या तरच करावा. एक, मुलाचे मन त्या कॉलेजावर घाईमुळे बसलेले नसून घाई नसती तरीही त्याने तेच निवडले असते. दोन, साहाय्य न मिळाल्यास संपूर्ण छापील भाव चार वर्षे देण्याची घराची तयारी आहे. किंवा साहाय्य रीतसर मागितले असून, ते अपुरे पडल्यास प्रवेश सोडून देण्याची मनाची तयारी आहे. तीन, मुलाचे कागद ऑक्टोबरातच पूर्ण आहेत. यांतील एकही गोष्ट कमी असेल, तर मोकळा आगाऊ अर्ज व नेहमीच्या मुदतीचे अर्ज यांची जोड घालावी.

तिसऱ्या अटीविषयी आपल्या मुलांपुरते थोडे अधिक सांगतो. नोव्हेंबरच्या अर्जात बारावीचा निकाल नसतो. नववी ते अकरावीचे गुण आणि बारावीत किती मिळतील याविषयी शाळेचा अंदाज, यांवरच काम चालते. ज्या मुलाची अकरावी कच्ची गेली पण बारावीत ज्याने उचल खाल्ली आहे, त्याला जानेवारीची मुदत हिताची. तोवर सहामाहीचे गुण हाती येतात. आपल्याकडील पुष्कळ ज्युनिअर कॉलेजांत समुपदेशक नसतो, ते काम प्राचार्यांना करावे लागते. त्यांना व शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांना गणेशचतुर्थीपूर्वीच भेटून सर्व समजावून सांगावे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ करू नये. जेईईची पहिली परीक्षा जानेवारीत असते. तिची तयारी आणि आठदहा कॉलेजांचे निबंध एकाच वेळी करणारे मूल दोन्हीकडे अर्धे राहते. एकदोन मोकळे आगाऊ अर्ज नोव्हेंबरात आटोपले असतील तर हा भार पुष्कळ हलका होतो.

मोकळ्या आगाऊ अर्जाचे आणखीही लाभ आहेत. काही विद्यापीठांत गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीसाठी आगाऊ अर्ज ही अटच असते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ हे त्याचे उदाहरण. एक प्रवेश लवकर पदरी पडला की मुलाचे मन स्थिर होते. आय-ट्वेंटीचा कागद, बँकेची शिल्लक दाखविणे व व्हिसा यांसही वेळ मिळतो. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकन सरकारने विद्यार्थी-व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणे काही आठवडे थांबविले होते. ज्यांनी तारीख आधीच घेऊन ठेवली होती, त्यांना तेव्हा हायसे वाटले.

आगाऊ अर्जाचा निकाल तीन प्रकारचा असतो, हेही सांगून ठेवावे : स्वीकार, नकार, अथवा नेहमीच्या मुदतीच्या अर्जांबरोबर फेरविचार. फेरविचारात गेलेला बांधील अर्जदार बंधनातून मुक्त होतो. डिसेंबरातील नकार मुलाच्या मनास फार लागतो, आणि जानेवारीचे अर्ज तर समोर उभे असतात. म्हणून ते निबंध निकालापूर्वीच लिहून ठेवावेत. नकारानंतर लिहिलेल्या निबंधात उमेद उतरत नाही.

शेवटचा हिशेब

पहिल्या अनुभवाने शहाणा होऊन मी माझ्या नातीच्या वेळी सर्व सूत्रे हाती घेतली. तिचे मन एका कॉलेजावर जडले होते. तेथे बांधील अर्जाची सोय होती. मी ती नाकारली. दोन सरकारी विद्यापीठांकडे मोकळे आगाऊ अर्ज व आठ नेहमीच्या मुदतीचे अर्ज केले, आणि जेथे मिळण्याजोगे होते तेथे साहाय्य मागितले. एप्रिलमध्ये चार प्रवेशपत्रे हाती होती. त्यांतील एका कॉलेजाने चांगले साहाय्य दिले. तिच्या मनातील कॉलेजाने मात्र नकार दिला. ती एक दिवस खोलीबाहेर आली नाही. बांधील अर्ज केला असता तर तेथे जागा मिळाली असती काय? हे कोणी सांगू शकणार नाही.

जाण्यापूर्वी ती माझ्याजवळ बसून म्हणाली, 'अज्जा, तुमचा हिशेब बरोबर होता. पण तो मला दाखवून केला असता, तर मीच नको म्हणाले असते. मग नकाराचे एवढे वाईट वाटले नसते.' या वाक्यात मला माझी चूक दिसली. भावाच्या घरी कोणीच हिशेब मांडला नव्हता. मी मांडला, पण खतावणी मिटून ठेवली. दोन्हीकडे ज्या मुलाचे आयुष्य त्याच्यापुढे ती उघडली गेली नाही. करारावर पहिली सही विद्यार्थ्याची असते, याचा अर्थ मला तेव्हा समजला.

यास्तव माझी सर्व सभासदांना एकच विनंती आहे. कोणता अर्ज करावा हे ठरविण्यापूर्वी, आषाढातील एखाद्या रविवारी मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून घरची वही उघडावी. वर्षाला किती देता येईल, कर्ज किती काढता येईल, धाकट्या भावंडांसाठी किती राखावयाचे आहे, हे आकडे त्याला स्वतःच्या हाताने लिहू द्यावेत. सतरा वर्षांचे मूल आपण समजतो त्याहून अधिक समजदार असते. त्यानंतर त्याने इसार देण्याचे ठरविले तर सर्वांनी आनंदाने सही करावी व तो शब्द पाळावा. त्याने थांबण्याचे ठरविले तर एप्रिलपर्यंत त्याच्या पाठीशी उभे राहावे. भाव माहीत असताना केलेला सौदा महाग पडला तरी त्याची खंत राहत नाही.

आपल्या सर्वांच्या मुलांना सम्यक् ज्ञान लाभो, ही जिनेंद्रचरणी प्रार्थना.

— संघाचा एक धान्यव्यापारी सभासद, बेळगाव